थीम डेक अडतो कुठे? ड्वार्फ डेकची बांधणी आणि खेळणी

प्रश्न थोडक्यात असा: 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द कार्ड गेम' या सहकारी खेळात फक्त ड्वार्फांचा (बुटक्या, दाढीवाल्या लढवय्यांचा) डेक, म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा, बांधला आहे. पहिली सोपी मोहीम सहज पार पडते, पण पुढच्या मोहिमेत तिसऱ्या-चौथ्या फेरीतच सगळं कोसळतं. थीम सोडून मिसळ डेक करावा, की याच डेकमध्ये सुधारणा होऊ शकते?

सुधारणा होऊ शकते, आणि थीम सोडायची गरज नाही. ड्वार्फ ही या खेळातली सर्वांत भक्कम थीमपैकी एक आहे. मात्र नुसती दाढीवाली कार्डं एकत्र केली म्हणजे थीम डेक होत नाही. प्रत्येक थीमला एक यंत्रणा असते. ती किती लवकर सुरू होते आणि कशामुळे बंद पडते, हे कळलं की डेकची अर्धी बांधणी झालीच. उरलेली अर्धी म्हणजे थीम जी कामं करत नाही ती ओळखून त्यांच्यासाठी मोजक्या जागा राखणं. बहुतेक थीम डेक या दुसऱ्या भागात हरतात.

यंत्रणेपासून सुरुवात करू. ड्वार्फांची यंत्रणा दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे डाइन आयर्नफूट. तो रेडी (उभा, न वापरलेला) आहे तोवर प्रत्येक ड्वार्फला १ विलपॉवर (मोहीम पुढे नेण्याची ताकद) आणि १ अटॅक जास्त मिळतो. दुसरी म्हणजे पाच हा आकडा. तुमच्या ताब्यात किमान ५ ड्वार्फ असतील तर थोरिन ओकनशील्ड दर फेरीला १ जादा रिसोर्स (कार्डांची किंमत चुकवण्याचं चलन) देतो आणि ओरी १ जादा कार्ड. हे तिघे हिरो (सुरुवातीपासून मैदानात असलेली मुख्य पात्रं) घेतले की दोन लीडरशिप आणि एक लोअर अशी रचना होते (हे कार्डांचे गट; कार्ड खेळायला त्याच गटाच्या हिरोचा रिसोर्स लागतो). सुरुवातीचा थ्रेट (धोक्याचा आकडा, ५० झाला की हार) ११ + १२ + ८ = ३१. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या बऱ्याच अडचणींचं मूळ त्यात आहे.

पाचाची मोजणी रिसोर्स फेजमध्ये, म्हणजे फेरीच्या आरंभी होते. तुमचा पाचवा ड्वार्फ दुसऱ्या फेरीत उतरला तर फायदा तिसऱ्या फेरीपासून. त्याचप्रमाणे कॉम्बॅटमध्ये एखादा ॲली (डेकमधून येणारं साथीदार पात्र) बळी देऊन संख्या चारवर आणली, तर पुढच्या फेरीचा रिसोर्सही गेला आणि कार्डही. शत्रूपुढे स्वस्तातला ॲली टाकून हिरो वाचवणं इतर डेकमध्ये चालून जातं. इथे पाच किंवा सहाच ड्वार्फ असताना त्याची किंमत दिसते त्यापेक्षा बरीच जास्त असते.

डाइनबाबत सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे त्याला काम देणं. डिफेन्स ३, हिट पॉइंट ५ पाहून तो बचावाला पाठवला जातो. बचाव करताना तो एक्झॉस्ट (आडवा, म्हणजे वापरलेला) होतो आणि लगेच येणाऱ्या तुमच्या हल्ल्यात प्रत्येक ड्वार्फचा १ अटॅक कमी होतो. हल्ल्यात सामील केला तरी तेच, कारण हल्लेखोर जाहीर करतानाच तो एक्झॉस्ट होतो आणि बेरीज त्यानंतर होते. क्वेस्टवर (मोहीम पुढे नेण्याच्या कामावर) पाठवला तर सगळ्यांचं जादा विलपॉवर गेलं. उदाहरण घ्या: थोरिन (३), ओरी (२), एरेबोर रेकॉर्ड कीपर (१) आणि एरेबोर हॅमरस्मिथ (१) क्वेस्टवर आहेत. डाइन रेडी असेल तर बेरीज ११, नसेल तर ७. डाइन स्वतः गेला तर त्याचा १ मिळवून ८. म्हणजे त्याला पाठवण्यापेक्षा बसवून ठेवण्यात ३ चा फायदा आहे, आणि ड्वार्फ वाढतील तसा तो वाढतच जातो. अपवाद एकच, पहिली फेरी: ड्वार्फ तीन-चारच असतात आणि समोरचा फटका दुसरा कुणी झेलू शकत नसतो. तेव्हा डाइनने बचाव करावा.

विमा म्हणून एक रेकॉर्ड कीपर घरी आणि ओरीकडे १ रिसोर्स शिल्लक ठेवायची सवय लावा. रेकॉर्ड कीपर एक्झॉस्ट करून १ लोअर रिसोर्स खर्च केला की कुठलाही एक ड्वार्फ रेडी करता येतो. एखाद्या ट्रेचरीने (संकटाच्या कार्डाने) ऐन क्वेस्टमध्ये डाइनला एक्झॉस्ट केलं, तर हाच तुमचा सर्वांत स्वस्त उपाय. रेकॉर्ड कीपर हल्ला किंवा बचाव करू शकत नाही म्हणून अनेक जण ते वगळतात, पण १ रिसोर्समध्ये डाइनच्या जोरावर २ विलपॉवर देणारा ॲली या डेकला सोडून चालणार नाही.

आता कार्डं. नियमानुसार डेक किमान ५० कार्डांचा, आणि एका नावाच्या जास्तीत जास्त ३ प्रती. कार्डं पन्नासच ठेवा, एकही जास्त नको. ५० च्या डेकमध्ये तीन प्रती असलेलं कार्ड पहिल्या सहा पत्त्यांत येण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के, आणि एकदा हात बदलण्याची सवलत वापरली तर ५४ टक्के. डेक ६० चा केला की हेच आकडे अनुक्रमे २७ आणि ४७ च्या आसपास येतात. आवडीची दहा कार्डं आणखी घुसवण्याची ही किंमत आहे. उलट एकच काम करणारी दोन वेगळी कार्डं प्रत्येकी तीन प्रतींत ठेवली, तर हात बदलून त्यांपैकी किमान एक मिळण्याची शक्यता ८० टक्क्यांवर जाते. म्हणून 'सुरुवात करून देणारी' कार्डं कधीही तीनच्या भरवशावर ठेवू नयेत, सहा तरी हवीत.

माझा साचा असा. ॲली २४: रेकॉर्ड कीपर ३, हॅमरस्मिथ ३, मायनर ऑफ द आयर्न हिल्स २, लाँगबीअर्ड मॅप-मेकर २, फिली ३, किली २, लाँगबीअर्ड ऑर्क स्लेयर ३, लाँगबीअर्ड एल्डर ३, गॅन्डाल्फ ३. अटॅचमेंट (मैदानात पात्राला जोडायची कार्डं) ११: लेगसी ऑफ ड्युरिन ३, नार्वीज बेल्ट ३, हार्डी लीडरशिप ३, किंग अंडर द माउंटन २. इव्हेंट (एकदा वापरून टाकायची कार्डं) ११: स्नीक अटॅक ३, अ व्हेरी गुड टेल ३, डेरॉन्स रून्स ३, लुअर ऑफ मोरिया २. झाली ४६. उरलेल्या चार जागा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत, त्यांच्याविषयी पुढे येईल.

यात लीडरशिपची २५ आणि लोअरची १६ कार्डं आहेत, तर रिसोर्स मात्र दर फेरीला २ विरुद्ध १ या प्रमाणात येतात. लोअर बाजू त्यामुळे जड वाटेल, पण ती बहुतेक स्वस्त आहे: डेरॉन्स रून्स फुकट, रेकॉर्ड कीपर आणि लेगसी १ ला. दोन-तीन रिसोर्सची लोअर कार्डं वाढवायला लागलात की ओरी तुंबतो आणि हातात चार लोअर कार्डं अडकून बसतात. हे टाळण्यासाठी नार्वीज बेल्ट (तो हिरोला फेजपुरता हवा तो गट देतो) थोरिनला लावा, कारण जादा रिसोर्स त्याच्याकडेच साठतो.

फिली-किली ही या डेकची खरी ठिणगी. फिली हातातून खेळला की डेक शोधून किली थेट मैदानात आणता येतो. तीन रिसोर्समध्ये दोन ड्वार्फ, म्हणजे तीन हिरो धरून पाच पूर्ण. किली स्पिरिटचा आहे आणि आपल्याकडे स्पिरिट हिरो नाही, त्यामुळे तो हातात आला तर बेल्टशिवाय अडकतो. म्हणून फिली तीन, किली दोनच. एकच ठेवला आणि तो हातात आला तर फिली एकटाच उतरेल. दोन हा नीट तोललेला आकडा आहे.

पहिल्या तीन फेऱ्या साधारण अशा जाव्यात. हातात फिली असेल तर पहिल्या फेरीत लीडरशिपचे दोन्ही रिसोर्स राखून ठेवा, ओरीच्या एकातून रेकॉर्ड कीपर किंवा लेगसी उतरवा. दुसऱ्या फेरीत लीडरशिपचे चार झाले: तीनमध्ये फिली, मागोमाग किली. रेकॉर्ड कीपर धरून सहा ड्वार्फ. त्याच वेळी हातात अ व्हेरी गुड टेल असेल तर फिली आणि किलीला एक्झॉस्ट करा. दोघांची किंमत मिळून ६, म्हणजे वरच्या पाच कार्डांतून एकूण ६ पर्यंतच्या किमतीचे दोन ॲली फुकट मैदानात येतात: ऑर्क स्लेयर (४) आणि हॅमरस्मिथ (२), किंवा एल्डर (३) आणि मॅप-मेकर (३). नवे आलेले रेडी असतात, म्हणून त्याच फेरीत क्वेस्टवर जाऊ शकतात. दुसऱ्या फेरीत आठ ड्वार्फ! हा योग दर डावाला जुळत नाही, पण जुळला की बहुतेक मोहिमा तिथेच निम्म्या संपतात.

इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे: कार्ड 'खेळणं' आणि 'मैदानात आणणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेगसी ऑफ ड्युरिन हातातून ड्वार्फ खेळल्यावरच कार्ड देते. फिलीने आणलेल्या किलीसाठी किंवा टेलमधून आलेल्या ॲलीसाठी देत नाही. हॅमरस्मिथचं टाकलेलं अटॅचमेंट परत आणणंही हातातून खेळल्यावरच. याचा फायदाही होतो. 'एस्केप फ्रॉम डोल गुल्डूर' या मोहिमेच्या पहिल्या टप्प्यात सगळ्या खेळाडूंनी मिळून फेरीला एकच ॲली खेळायची मर्यादा आहे. ड्वार्फांच्या झुंडीला ती जीवघेणी वाटते, पण फिली खेळला तर किली मर्यादेबाहेरचा, आणि टेलमधून येणारेही मर्यादेबाहेरचे. तिथे हात बदलताना फिली आणि टेल यांनाच प्राधान्य द्या. एक हिरो मात्र चिठ्ठीने कैदी होतो, आणि एकट्याने खेळताना तो डाइन निघाला तर हा डेक खूपच लंगडतो. त्या मोहिमेला हा डेक एकट्याने नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवातीच्या हाताबद्दल थोडं. फिली, रेकॉर्ड कीपर, लेगसी यांपैकी किमान दोन असतील तर हात ठेवा. गॅन्डाल्फ, लुअर, ऑर्क स्लेयर असा दिमाखदार पण महागडा हात निःसंकोच बदला. पहिल्या फेरीत तुमच्याकडे एकूण तीनच रिसोर्स असतात.

आता त्या ३१ थ्रेटकडे येऊ. 'जर्नी अलाँग द अँडुइन' या मोहिमेत सुरुवातीलाच स्टेजिंग एरियात (शत्रू येऊन थांबतात त्या जागेत) हिल ट्रोल उभा असतो: एंगेजमेंट ३० (इतका थ्रेट झाला की तो अंगावर येतो), अटॅक ६, डिफेन्स ३, हिट पॉइंट ९. कमी थ्रेटचे डेक त्याला काही फेऱ्या लांब ठेवून तयारी करतात. तुमचा थ्रेट ३१, म्हणून तो पहिल्याच फेरीत अंगावर येतो. 'सोपी मोहीम जमते, पुढची कोसळते' याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. त्यात ट्रोलच्या फटक्यातून बळी गेलेल्याच्या हिट पॉइंटपेक्षा जास्त झालेली इजा तुमच्या थ्रेटमध्ये जमा होते. हॅमरस्मिथ (डिफेन्स १, हिट पॉइंट ३) पुढे केला तर ५ इजा, तो मरतो आणि थ्रेट वर २ ने वाढतो. बळी देऊनही सुटका नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही स्नीक अटॅक अधिक गॅन्डाल्फ या जोडीतून येतात. एका रिसोर्समध्ये गॅन्डाल्फ फेजपुरता उतरतो आणि मग हातात परततो, म्हणून ती जोडी पुन्हा वापरता येते. पहिला उपाय: क्वेस्ट फेजच्या आरंभी, कुणाला पाठवायचं हे ठरवण्याआधी त्याला उतरवा आणि थ्रेट ५ ने कमी करा. थ्रेट २६ होतो, वर त्याचं ४ विलपॉवर क्वेस्टला मिळतं. दर फेरीला १ वाढ धरली आणि क्वेस्ट फसली नाही, तर ट्रोल पाचव्या फेरीपर्यंत येत नाही. दुसरा उपाय: कॉम्बॅटमध्ये उतरवा, ट्रोलला थेट ४ इजा करा (यातून त्याचा डिफेन्स वजा होत नाही) आणि त्याच गॅन्डाल्फने बचाव करा. ६ पैकी ४ अडतात, २ इजा घेऊन तो हातात परत येतो. ट्रोलचे ५ हिट पॉइंट उरतात, म्हणजे ८ अटॅक जमवला की तो संपला. थोरिन ४, ओरी ३ आणि हॅमरस्मिथ २ मिळून ९ होतात. मात्र हे तिघे त्या फेरीत क्वेस्टवर गेलेले नसावेत, म्हणून हा उपाय पहिल्या नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतला. जोडी हातात नसेल तर पहिल्या फेरीत डाइनने फटका झेलावा: ३ इजा बसते, शॅडो कार्डाने (शत्रूच्या हल्ल्यात उघडणाऱ्या छुप्या कार्डाने) घात केला नाही तर तो तगतो. शत्रूवरची इजा फेरीगणिक टिकून राहते, त्यामुळे ट्रोल दोन फेऱ्यांत पाडला तरी चालतं, फक्त प्रत्येक हल्ल्यात त्याचा ३ डिफेन्स नव्याने वजा होतो.

लुअर ऑफ मोरिया (३ रिसोर्स) सगळ्या ड्वार्फांना रेडी करतं. ते क्वेस्ट संपल्यावर, कॉम्बॅटच्या आधी वापरायचं: सगळं सैन्य क्वेस्टवर जातं आणि तेच सैन्य परत लढतं. दोनच प्रती ठेवण्याचं कारण हे की आठ-नऊ ड्वार्फ झाल्याशिवाय ते खर्चाच्या मानाने परवडत नाही.

झुंडीची दुसरी दुखरी नस म्हणजे सगळ्यांवर एकदम पडणारी इजा. मूळ संचातली नेक्रोमन्सर्स रीच ही ट्रेचरी प्रत्येक एक्झॉस्ट पात्राला १ इजा करते, आणि ती उलटते तेव्हा क्वेस्टवर गेलेले सगळे एक्झॉस्टच असतात. १ हिट पॉइंटचे रेकॉर्ड कीपर एका फटक्यात साफ. हार्डी लीडरशिप प्रत्येक ड्वार्फला १ हिट पॉइंट जास्त देते. तीन प्रती त्यासाठीच आहेत, आणि शत्रूंत ऑर्कांचा भरणा असेल तर हे अटॅचमेंट दुसऱ्या फेरीपर्यंत मैदानात हवं. कॉट इन अ वेबसारख्या कंडिशन (पात्राला चिकटणारी अडचण) कार्डांवर, ती काढून टाकायला, मायनर ऑफ द आयर्न हिल्स आहेच. पण ते वेब तुमच्या कुठल्या हिरोला लावायचं हे तुम्ही ठरवता. डाइनला लावा. वेबमुळे हिरो आपोआप रेडी होत नाही, आणि डाइन मुळात एक्झॉस्टच होत नाही. मायनर मग दुसऱ्या संकटासाठी वाचतो.

थीमच्या शुद्धतेविषयी विचारलं जातंच, तर तेही. स्टुअर्ड ऑफ गोंडोर दर फेरीला २ रिसोर्स देतं, लीडरशिपमध्ये बसतं, आणि बहुतेक जण डोळे मिटून घालतात. या डेकमध्ये ते घालू नका. पाच ड्वार्फ झाल्यावर थोरिन स्वतःच ते काम करतो, आणि ड्वार्फ राजाच्या हाती गोंडोरचा कारभार देण्यात थीमचं समाधान राहत नाही. गॅन्डाल्फ मात्र ड्वार्फ नसूनही हवा, कारण थ्रेट कमी करणं हे काम ड्वार्फांपैकी कुणीच नीट करत नाही, आणि तो त्यांच्यासोबत शोभतोही. माझा निकष साधा आहे: परकं कार्ड घ्यायचं ते थीम जे करूच शकत नाही त्या कामासाठी, जे ती आधीच करते त्यासाठी नाही. आणखी एक सावधगिरी: ड्वार्फांत खाणकामगारांची एक वेगळी यंत्रणा आहे, ज्यात स्वतःच्या डेकची कार्डं टाकून फायदा मिळवतात (एरेड लुईन मायनर, हिडन कॅश वगैरे). ती उत्तम आहे, पण स्वतंत्र डेक म्हणून. दोन्ही अर्धी-अर्धी मिसळली की एकही वेळेत सुरू होत नाही.

राहिल्या त्या चार मोकळ्या जागा. त्या मोहिमेनुसार भरा. जखमा फार होत असतील तर दोन वॉर्डन ऑफ हीलिंग. ट्रेचरी जीव घेत असतील तर त्यांचा परिणाम रद्द करणारी दोन अ टेस्ट ऑफ विल, पण ते स्पिरिटचं आहे आणि बेल्टवर खेळायचं तर एक अट आहे: बेल्ट ॲक्शन म्हणून आधीच एक्झॉस्ट करावा लागतो, कार्ड उलटल्यानंतर ती संधी नसते. म्हणजे स्टेजिंगपूर्वी (ही कार्डं उलटण्याआधी) बेल्ट वापरून स्पिरिट घ्यायचं आणि १ रिसोर्स हातचा ठेवायचा. हे न कळल्याने टेस्ट हातात असून अनेक डाव जातात.

दोघांनी खेळत असाल तर हे ओझं जोडीदाराकडे द्या. त्याचा डेक स्पिरिट-टॅक्टिक्सचा असेल तर टेस्ट ऑफ विल, हेस्टी स्ट्रोक (शॅडो रद्द करणारं) आणि फेंट (शत्रूचा हल्ला रोखणारं) त्याच्याकडून येतात, तुम्ही क्वेस्ट ओढता. त्याच्याकडे एखादा ड्वार्फ असला, समजा गिम्ली, तर डाइनचा फायदा त्यालाही मिळतो, कारण तो मैदानातल्या सगळ्या ड्वार्फांना लागू आहे. पाचाच्या मोजणीत मात्र फक्त तुमच्या ताब्यातले धरायचे. आणि युनिक पात्रं सगळ्यांत मिळून एकच: दोघांनीही फिली ठेवले तर एकाचे तीन पत्ते वाया गेले.

फक्त मूळ संच जवळ असेल तर त्यात ड्वार्फ हिरो गिम्ली, ग्लोइन आणि थॅलिन एवढेच आहेत आणि झुंड उभी राहत नाही. अशा वेळी २०२२ मध्ये निघालेला 'ड्वार्व्ह्ज ऑफ ड्युरिन' हा तयार डेक घेणं सुटी विस्तार-पाकिटं शोधत बसण्यापेक्षा सरळ आहे.

चाचणी घेताना एकच मोहीम सलग चार-पाच वेळा खेळा आणि दर डावाला तीन गोष्टी टिपा: पाचवा ड्वार्फ कुठल्या फेरीत आला, शेवटी हातात कुठली कार्डं अडकली होती, आणि हरलात तर थ्रेट ५० झाल्याने की हिरो मेल्याने. पाचवा ड्वार्फ वारंवार चौथ्या फेरीत येत असेल तर महागडे ॲली कमी करा, ऑर्क स्लेयर तीनवरून दोनवर आणा. लोअर कार्डं अडकत असतील तर आधी मॅप-मेकर काढा. थ्रेटने हरत असाल तर मोकळ्या जागांत थ्रेट उतरवणारी कार्डं शोधण्याआधी क्वेस्टवर किती जण पाठवता ते तपासा. बहुतेक वेळा दोन ड्वार्फ विनाकारण घरी बसलेले असतात.